वरचा बाण

उद्यमबागेत, फाउंड्रीच्या मागच्या खोलीत,
जिथं मोल्डिंगची काळी रेती जाळीतून आत येते
आणि कीबोर्डच्या फटीत बसते,
तिथं एक जुनं युनिक्सचं यंत्र आहे.
मालकाच्या वडिलांनी घेतलेलं. बंद करायचं धाडस कुणाचं नाही.
हीट नंबर, वजनं, हजेरी,
कुठल्या पंपाची बॉडी कुठल्या ट्रकनं गेली,
सगळं त्याच्याच पोटात.

पहिल्या दिवशी मी एक लांबलचक कमांड लिहिली.
मधेच एक अक्षर चुकलं.
सवयीनं डावा बाण दाबला.
पडद्यावर उमटलं ^[[D
परत दाबला. ^[[D^[[D
एखाद्याला म्हणावं, मागं सरक,
आणि त्यानं जागचं न हलता
"मागं सरक, मागं सरक" एवढंच म्हणावं,
तसं.

ईरभद्राप्पा कमतगी पलीकडच्या टेबलावर चलनं लावत होते.
"ते बाण शोभेचे हाईत," म्हणाले.
"चुकलं की पुसायचं. पहिल्यापासनं लिव्हायचं.
बावीस वर्षं तसंच कराल्लोय.
बोटांना पाठ हुतंय."

मला तालुका कचेरीची खिडकी आठवली.
मुचंडीकरचं कुणीतरी मुच्चंडेकर केलेलं,
गुणपत्रिकेवर एक, रेशनकार्डावर दुसरं,
आणि बाबा म्हणत होते, साहेब, एवढी एक मात्रा.
मधली एक मात्रा फक्त.
आतून उत्तर आलं, कन्नडमधून, पण आवाज वाईट नव्हता:
फॉर्म नवा घ्या. पहिल्यापासून भरा.

जेवणाच्या सुट्टीत कपाटातलं मॅन्युअल काढलं.
पानांना ग्रीसचे अंगठे.
त्यात कळलं की बाणाची कळ काही मुकी नसते.
ती तीन अक्षरं पाठवते, एका दमात:
एस्केप, एक कंस, आणि ए, बी, सी, डी यांतलं एक.
वर, खाली, पुढे, मागे.
शेलला ते ऐकू येतं, अर्थ कुणी सांगितलेला नसतो.

मग प्रोफाइलच्या फाइलीत चार ओळी.
आधी सांगितलं, ओळ ईमॅक्सच्या रीतीनं दुरुस्त करू दे.
मग दोन अंडरस्कोर आणि ए, याचा अर्थ कंट्रोल पी.
पण कंट्रोल पी लिहायचा तर तो लिहिला जात नाही,
तो घडतो.
म्हणून आधी कंट्रोल व्ही:
पुढचं जे येईल ते अंगावर घेऊ नकोस, नुसतं उतरवून घे.
(ही कळ कचेरीत, घरात, चौकातल्या पाटीखाली
कुणाकुणाला द्यावी, याची मी यादीच केली.)

लॉगआउट. लॉगिन.
वरचा बाण.

ओळ आली. माझी नव्हती.
लॉगिन एकच, आम्हा दोघांचं,
आणि यंत्राला शेवटच्या एकशे अठ्ठावीस ओळी आठवतात.
मी चढत गेले.
चलन, चलन, बॅकअप, हजेरी,
मग मागच्या मंगळवारी, मी रुजू व्हायच्या आदल्या दिवशी,
नव्या कामगाराची नोंद:
भाग्यरेखा मुचंडेकर.
त्याच्या आधी भाग्यरेखा मुच्चंडीकर.
त्याच्या आधी भग्यरेखा.
इंग्रजी अक्षरांत, पूर्ण ओळ, खातं, पगार, पत्ता,
दर वेळी पहिल्यापासून.
पाच वेळा.
पाचव्या खेपेला एकच मात्रा जास्त राहिली
आणि बहुतेक जेवणाचा भोंगा झाला असणार.

आणखी वर गेले. काही नव्हतं.
यंत्रानं टुंग केलं.

"काय झालं गे?" कमतगींनी विचारलं.
"काही नाही. बाण चालतात आता."
ते उठून आले, चष्मा कपाळावरून खाली घेतला,
एका बोटानं, विस्तवाला हात लावावा तसा,
डावा बाण दाबला.
कर्सर मुकाट्यानं मागं सरकला.
एक घर. अजून एक.
त्या जास्तीच्या मात्रेपाशी येऊन उभा राहिला, लुकलुकत.

"हौद की," ते म्हणाले.
आणि हात काढून घेतला,
पुढचं माझ्यावर सोडून.